लिफ्ट न करता जिमनीला मोठे टायर: २१५ की २३५?

प्रश्न असा आहे. मारुतीची पाच दरवाजांची मॅन्युअल जिमनी, रोजचा वापर पुण्यात, सुट्टीला सह्याद्रीतले कच्चे रस्ते, पावसाळ्यात कोकण. लिफ्ट करायची नाही, म्हणजे स्प्रिंगा बदलून गाडी उंच करायची नाही, कारण वॉरंटी आणि विम्याची काळजी आहे, शिवाय घरच्या ज्येष्ठांना आत्ताच गाडीत चढताना पाय उंच टाकावा लागतो. अशा गाडीला २३५/७५ आर१५ टायर बसतील का, की २१५/७५ आर१५ वर थांबावं? आणि बसलेच तर घासतील कुठे?

आधी उत्तर देतो. मूळ रिम ठेवून, काहीही न कापता आणि न ठोकता बसणारा मोठा टायर म्हणजे २१५/७५ आर१५. तो घ्या, ऑल टेरेन म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या नक्षीचा घ्या आणि स्टेपनीसकट पाचही घ्या. २३५/७५ बसवता येतो, अशा जिमन्या रस्त्यावर दिसतातही. पण तो नुसता टायरचा बदल राहत नाही. त्याच्यामागून रिम येतो, रिममागून ऑफसेट (रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर), मग लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) आणि बंपरची कापाकापी, आणि शेवटी घाटात इंजिनाची दमछाक. तुमचा वापर बघता मी तो बसवून देणार नाही. का, ते सविस्तर सांगतो.

जिमनी कारखान्यातून १९५/८० आर१५ टायरवर येते. १९५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर उंचीची भिंत, आणि १५ इंची म्हणजे ३८१ मिलिमीटरचा रिम. वरखालच्या दोन्ही भिंती आणि रिम मिळून व्यास ६९३ मिलिमीटर. हाच हिशेब २१५/७५ ला लावला तर ७०३.५ येतो, २३५/७५ ला ७३३.५. म्हणजे २१५ हा मूळ टायरपेक्षा १०.५ मिलिमीटर मोठा, जेमतेम दीड टक्का. २३५ हा ४०.५ मिलिमीटर मोठा, जवळपास सहा टक्के. हे झाले कागदावरचे आकडे. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर त्यांत काही मिलिमीटरचा फरक सहज निघतो, आणि खोल नक्षीचा नवा मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा टायर छापील मापापेक्षा थोडा मोठाच भरतो. म्हणून दुकानात टायर घेताना छापील साइजवर विसंबू नका. टायरच्या भोवती टेप फिरवून परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा, खरा व्यास कळेल.

आता यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्यास कितीही वाढला तरी गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्यानेच, कारण उरलेला निम्मा भाग अॅक्सलच्या वर असतो. जिमनीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. २१५ चे टायर टाकले की तो पाच मिलिमीटरने वाढतो, २३५ टाकले की वीस मिलिमीटरने. पाच मिलिमीटरने कोणताही दगड चुकत नाही. त्यामुळे २१५ घ्यायचा तो उंचीसाठी नाही. तो घ्यायचा रुंद, दणकट आणि जास्त भार पेलणाऱ्या टायरसाठी, आणि तुमच्याकडे मिळण्याच्या सोयीसाठी. २१५/७५ आर१५ हा बोलेरोचा साइज आहे. सटाण्यात, देवरुखात किंवा अक्कलकोटात टायर फाटला तर मूळ १९५/८० शोधत फिरावं लागेल, २१५/७५ मात्र पहिल्या-दुसऱ्या दुकानात मिळण्याची शक्यता बरीच जास्त. आडवाटेने फिरणाऱ्या माणसाला ही गोष्ट वीस मिलिमीटरपेक्षा मोलाची आहे.

लिफ्टबद्दलही एक गैरसमज इथेच काढून टाकतो. जिमनीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहे. स्प्रिंगा उंच केल्या की बॉडी आणि चॅसी वर जाते, डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरचा गोळा जागच्या जागीच राहतो, कारण तो चाकांच्या मध्ये लटकलेला आहे. त्याला जमिनीपासून वर उचलणारी गोष्ट एकच, टायर. तेव्हा ‘मोठे टायर हवेत म्हणून लिफ्ट’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लिफ्टने मिळते ती मडगार्डमधली जागा, आणि तीसुद्धा गाडी सपाट जमिनीवर उभी असताना. खड्ड्यात चाक पूर्ण वर दबलं की अॅक्सल बंप स्टॉपला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला जाऊन टेकतो. बंप स्टॉप मूळचाच असेल तर लिफ्ट केलेल्या गाडीतही चाक जवळपास त्याच जागी वर येतं जिथे लिफ्ट नसताना येत होतं. म्हणजे सपाटीवर चार बोटं जागा दिसणारी लिफ्टेड जिमनीसुद्धा ऐन दगडात २३५ घासू शकते. खरा अडथळा दूर होतो तो बंप स्टॉप लांब केल्याने किंवा प्लास्टिक कापल्याने. त्यातून जिमनीच्या पुढच्या अॅक्सलला धरणारे आर्म मागे चॅसीला जोडलेले असतात. गाडी उंच केली की ते खाली झुकतात, चाक किंचित मागे सरकतं आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग हायवेवर स्टेअरिंग हलकं आणि भटकं लागतं. तेव्हा लिफ्ट नको हा तुमचा निर्णय मला पटतो. कंपनीने बसवलेली भूमिती आहे तशी ठेवणं रोजच्या गाडीसाठी फायद्याचं आहे.

मग घासतं कुठे? तीन जागा बघायच्या. पहिली, पुढच्या बंपरचा चाकाकडचा खालचा कोपरा आणि त्याला लागून असलेलं लायनर. दुसरी, चाकामागे आतल्या बाजूला, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरची आतली कड आणि पुढच्या अॅक्सलचा आर्म. तिसरी, चाकामागचा मडफ्लॅप आणि त्याच्या वरचं लायनर. २१५/७५ मूळ रिमवर, मूळ ऑफसेटला, या तिन्ही जागांतून मोकळा जातो. जाड खांद्याचा एखादा मड टेरेन असेल तर रिव्हर्समध्ये पूर्ण वळवताना मडफ्लॅपला अलगद लागतो, तेवढंच. २३५ मात्र या तिन्ही जागी हजेरी लावू शकतो, आणि नेमका कुठे आणि किती ते रिमवर ठरतं.

रिमचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. जिमनीचा मूळ रिम साडेपाच इंच रुंदीचा आहे. प्रत्येक टायर साइजला रिमच्या रुंदीची एक ठरलेली मर्यादा असते. २१५/७५ आर१५ ला साडेपाच ते सात इंच चालतो, म्हणजे तो आपल्या मूळ रिमवर अगदी खालच्या टोकाला का होईना, पण मर्यादेत बसतो. २३५/७५ आर१५ ला सहा ते आठ इंच लागतो. साडेपाचच्या रिमवर २३५ चढतो, हवा धरतो, दुकानदार ‘काही होत नाही साहेब’ म्हणून बसवूनही देतो. पण रिम अरुंद असल्याने टायरच्या भिंती आत ओढल्या जातात आणि नक्षीचा पट्टा मधे फुगतो. मग मधली नक्षी आधी झिजते, वळणावर टायर लोंबल्यासारखा हलतो. आणि कच्च्यात हवा कमी केल्यावर काठ रिमवर कसा धरून राहील, याची जबाबदारी टायर कंपनी घेत नाही, कारण तुम्ही तिच्या मर्यादेच्या बाहेर आहात.

मग लोक सात इंची रिम आणतात, बहुतेक वेळा ऑफसेट शून्य. मूळचा ऑफसेट अधिक पाच आहे. हिशेब बघा: रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटर. ऑफसेट पाचने बाहेर सरकला. रिमची बाहेरची कड २४ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड १४ मिलिमीटर आत गेली. आतल्या बाजूला आर्म जवळ आला आणि बाहेरच्या बाजूला स्टेअरिंग वळवताना टायर मोठ्या कमानीत फिरायला लागला, म्हणजे बंपरचा कोपरा जवळ आला. दोन्हीकडून अडचण. आतली जागा वाचवायला वजा ऑफसेटचा रिम घेतला तर टायर मडगार्डबाहेर येतो, चिखल सरळ दारांवर आणि काचांवर उडतो, व्हील बेअरिंगवरचा आणि किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो. स्पेसरबद्दल कुणी सुचवलं तर नाही म्हणा. हब आणि रिम यांच्यामध्ये आणखी एक जोड घालून आडवाटेला जायचं काही कारण नाही.

अशीच एक जिमनी मध्यंतरी आमच्याकडे आली होती. २३५ चे टायर, सात इंची रिम, मूळ उंची. मालकाचं म्हणणं होतं की आपली गाडी कुठेच घासत नाही, शहरात आणि हायवेवर आवाज नाही. आम्ही पुढचं डावं चाक रॅम्पवर आणि तिरकं समोरचं, म्हणजे मागचं उजवं चाक ठोकळ्यावर चढवलं, टायरच्या खांद्याला खडूची पूड चोळली आणि स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टॉर्च लावून आत पाहिलं. बंपरकडच्या लायनरवर अंगठ्याएवढा रुंद पांढरा पट्टा उठला होता. त्याखाली आधीचाच एक गुळगुळीत, चकाकणारा पट्टा होता आणि लायनरच्या एका क्लिपचं डोकं घासून सपाट झालेलं होतं. बंपरच्या खालच्या कडेला प्लास्टिकचे दोऱ्यासारखे तंतू लोंबत होते. घासणं कधीपासून चालू होतं, कच्च्या रस्त्याच्या खडखडाटात ते कानावर आलं नव्हतं एवढंच.

ही चाचणी तुम्हीही करून घ्या, २१५ टाकले तरी. पार्किंगमध्ये सपाटीवर स्टेअरिंग फिरवून काहीच सिद्ध होत नाही. चाक वर दबलेलं असताना आणि त्याच वेळी स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असताना काय होतं ते बघायचं. दोन्ही बाजूंना वेगवेगळं बघायचं, कारण जिमनीचा अॅक्सल आडव्या रॉडने धरलेला आहे आणि स्प्रिंग दबली की तो रॉडच्या कमानीत थोडा एका बाजूला सरकतो. म्हणून डावीकडे मोकळं आणि उजवीकडे लागतंय, असं सर्रास होतं. रॅम्प नसेल तर एखाद्या विश्वासू गॅरेजमध्ये जॅकने एका बाजूचा अॅक्सल वर दाबून हेच करता येतं. लायनर जरा लागत असेल तर हीट गनने मऊ करून मागे दाबता येतं, मडफ्लॅप सरकवता येतो. पत्र्याची कड ठोकायची वेळ आली तर मात्र तो साइज तुमच्या गाडीचा नाही, असं समजा. आणि ठोकलीच तर तिथे लगेच प्रायमर आणि रंग लावा. कोकणच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला गंज चढायला वेळ लागत नाही.

स्टेअरिंगचा फेर कमी करून घासणं टाळायचा एक मार्ग काही जण सुचवतात, नकलवरचा, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागावरचा स्टॉपर बोल्ट फिरवून लांब करायचा. घासणं थांबतं, पण गाडी वळायला जास्त जागा घेते. पाच दरवाजांच्या जिमनीची वळण त्रिज्या ५.७ मीटर आहे, ही काही फार लहान नाही. ताम्हिणीच्या खालच्या गावांतल्या अरुंद गल्ल्यांत किंवा धारेवरच्या वाटेला गाडी फिरवताना तुम्हाला मूळ फेर हवाच असतो. मी हा मार्ग वापरत नाही.

इंजिनाकडे येऊ. जिमनीचं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन टर्बोशिवायचं आहे, सुमारे १०५ पीएस ताकद आणि १३४ न्यूटन-मीटर टॉर्क, तोही ४००० आरपीएमला. टायर मोठा झाला की जमिनीवर पोचणारी ओढ त्याच प्रमाणात कमी होते. २३५ टाकल्यावर सगळे गियर साडेपाच टक्क्यांनी उंच झाल्यासारखे होतात. चाकापाशी ते १३४ ऐवजी १२७ न्यूटन-मीटरचं इंजिन बसवल्यासारखं लागतं. त्यात प्रत्येक टायर-रिमचं वजन काही किलोंनी वाढतं, आणि हे वजन फिरतं वजन आहे, प्रत्येक वेळी त्याला गती द्यायची आणि प्रत्येक वेळी ब्रेकने थांबवायचं. मागे जिमनीला ड्रम ब्रेक आहेत. चार माणसं, सामान, एसी चालू, वरंधा घाटातलं चढाचं वळण: जिथे आज तिसऱ्यात जाता तिथे दुसरा टाकावा लागेल. लो रेंजमध्येही, म्हणजे कठीण वाटेसाठीच्या संथ गियरमध्येही तेच. तिथलं २ चं प्रमाण प्रत्यक्षात १.९ सारखं वागतं. चढताना ओढ कमी, आणि मला जास्त काळजी वाटते ती उतरताना, कारण इंजिन ब्रेकिंगही तेवढंच कमी होतं. ओल्या जांभ्याच्या उतारावर पहिल्या गियरमध्ये, ब्रेकला पाय न लावता गाडी उतरवायची असते. तिथे मंद गतीचा प्रत्येक अंश उपयोगी पडतो. २१५ ला हा फरक दीड टक्का आहे, १३४ चे १३२. तो जाणवत नाही.

स्पीडोमीटरचंही असंच. काटा १०० दाखवत असताना २१५ वर गाडी आधीपेक्षा दीड किलोमीटर जास्त वेगात असते, २३५ वर जवळपास सहा किलोमीटर. एक्स्प्रेसवेच्या कॅमेऱ्याला तुमच्या टायरचा साइज माहीत नसतो. ओडोमीटरही कमी मोजतो. २३५ वर मीटरवर दहा हजार झाले की प्रत्यक्षात साडेदहा हजारांहून जास्त झालेले असतात, तेव्हा ऑइल बदलायला मीटरची वाट बघू नका. आणि ‘टायर बदलले, अॅव्हरेज एकदम पडलं’ अशी तक्रार येते त्यात थोडा वाटा या चुकीच्या मोजणीचाही असतो. उरलेलं मात्र खरंच पडतं.

पाचही टायर घ्या असं वर म्हटलं, त्यामागे मोठं कारण आहे. जिमनीची फोर व्हील ड्राइव्ह पार्टटाइम आहे, पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नाही. फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देताना, पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी घट्ट बांधलेली असतात. तीन चाकं ७०३ ची आणि एक स्टेपनी ६९३ ची असेल तर दर फेरीला काही सेंटिमीटरचा फरक पडतो. मातीत चाक घसरून तो निघून जातो. डांबरावर किंवा कोरड्या दगडावर तो ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गियरपेटीत) आणि शाफ्टमध्ये ताण बनून साठतो, आणि मग फोर-एचमधून टू-एचमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या ड्राइव्हमध्ये, लीव्हर निघत नाही. शिवाय जिमनीत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा आहे, ती चाकांच्या वेगावर चालते. एका चाकाचा साइज वेगळा असेल तर तिला ते चाक सतत वेगळ्याच गतीने फिरताना दिसतं. म्हणून पाचही सारखे घ्या आणि स्टेपनीही फिरवाफिरवीत धरा, म्हणजे पाचही सारखे झिजतील. नवी स्टेपनी मागच्या दारावर लावल्यावर दार उघडून बिजागऱ्या आणि बंपर यांच्यातली जागा एकदा बघा. २१५ ला अडचण येत नाही. २३५ चा जड टायर, रुंद रिमसह, वर्षानुवर्षं खराब रस्त्यावर त्या दारावर लटकत ठेवणं मला पटत नाही.

आता ज्या गोष्टीने खरंच फरक पडतो तिच्याकडे येतो, ती म्हणजे नक्षी आणि हवा. तुमच्या वाटेला तीन प्रकारची जमीन येते. सह्याद्रीत बेसाल्टचे धारदार दगड, तिथे टायर फाटतो तो भिंतीत. कोकणात लाल जांभा, पावसात साबणासारखा निसरडा. आणि पुण्याच्या पूर्वेला सोलापूरकडे उतरलात की काळी माती, जी नक्षीत भरून बसते आणि चाकाचा गुळगुळीत गोळा करते. काळ्या मातीत मड टेरेनच चांगला, त्याच्या मोठ्या फटी फिरताना माती झटकून टाकतात. पण तुमचा रोजचा रस्ता पुण्याचा आहे, आणि ओल्या डांबरावर मड टेरेनची पकड कमी असते, आवाज कानाला त्रास देतो. भर पावसात घाटात ब्रेक मारायची वेळ दरवर्षी येते, काळ्या मातीत रुतायची वेळ क्वचित. म्हणून ऑल टेरेन, आणि निवडताना भिंतीवर जाड रबर किंवा खाचा असलेला. जांभ्याच्या चिखलात खाली कठीण थर असतो, तिथे अरुंद टायर चिखल कापून त्या थरापर्यंत पोचतो. १९५ चा मूळ टायर या बाबतीत कमी नाही. बदलायची निकड नसेल तर १९५/८० मध्येच ऑल टेरेन मिळाला तर तोही योग्य पर्याय आहे, आणि वॉरंटी-विम्याच्या दृष्टीने सगळ्यात निर्धोक.

हवा कमी करण्याला पर्याय नाही. डांबरावर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जी हवा लिहिली आहे तीच. कच्च्या दगडी वाटेला वीस-बावीस पीएसआय, चिखलात अठराच्या आसपास. टायर खाली पसरतो, जमिनीवरचा ठसा लांब होतो, दगडाला मिठी मारतो, फाटण्याऐवजी दबतो. अठराच्या खाली बीडलॉक (टायरचा काठ रिमला आवळून धरणारं कडं) नसलेल्या रिमवर वळणात काठ सुटण्याचा धोका वाढतो, आणि कमी हवेवर वेग सायकलइतकाच ठेवायचा. गेज आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत कायम असावा. मोठ्या टायरवर जे पैसे घालवणार होता त्यातून हे दोन्ही आधी घ्या. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायर घेतलात तर त्याला तेवढाच भार पेलायला जरा जास्त हवा लागते, ते दुकानात विचारून घ्या.

भार निर्देशांकाचं बघा. मूळ टायर ९६ एस आहे, म्हणजे एका टायरला ७१० किलो आणि ताशी १८० किलोमीटर. याच्या खालचा भार निर्देशांक घेऊ नका. २१५/७५ सहसा १०० चा येतो, ८०० किलो. वेगाचं अक्षर क्यू असेल तर मर्यादा १६० ची, जिमनीला ती पुरेशी आहे. भिंतीवरचा चार आकडी उत्पादन कोड वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर एकमेकांच्या जवळच्या आठवड्यांतले मागा आणि दुकानात वर्षभर पडून राहिलेला माल परत करा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मडगार्डबाहेर आलेला टायर आणि रुंद रिम लांबूनच डोळ्यांत भरतो. मडगार्डच्या आत राहणारा २१५ मूळ रिमवर तसा डोळ्यांत येत नाही. पण जिमनीच्या सर्व प्रकारांना कंपनी १९५/८० हाच साइज देते हे लक्षात ठेवा, आणि टायर बदलण्याआधी विमा कंपनीला ई-मेलने कळवून उत्तर जपून ठेवा. तोंडी होकाराला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

थारवाल्यांसाठी एक ओळ, कारण हाच प्रश्न तेही विचारतात. २०२० च्या थारला कंपनीनेच २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८ असे दोन साइज दिले, ७७४ आणि ७८९ मिलिमीटर. छोट्या साइजवर असाल तर मोठ्या साइजपर्यंत जाणं हे कारखान्याने तपासलेलं माप आहे. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणून वर सांगितलेला अॅक्सल सरकण्याचा आणि आर्मचा हिशेब तिला पुढे तसाच लावू नका.

बसवायच्या दिवशी हे करा. जुने टायर काढल्यावर चाक वरखाली हलवून व्हील बेअरिंग आणि किंगपिनचा खेळ तपासा. जिमनीत किंगपिन बेअरिंग सैल असेल तर नव्या, जड टायरवर साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग जोरात थरथरायला लागतं आणि दोष टायरला दिला जातो. बॅलन्सिंग पाचही चाकांचं करा. अॅक्सल अखंड असल्याने अलाइनमेंटमध्ये पुढे फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत ते, जुळवता येतो. कॅम्बर-कॅस्टरचे पैसे कुणी मागितले तर काय जुळवलं ते दाखवायला सांगा. नट हाताने लावून मग टॉर्क पान्ह्याने १०० न्यूटन-मीटरला, ताऱ्याच्या क्रमाने कसा, इम्पॅक्ट गनने नाही. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर गाडी धुण्याआधी चारही मडगार्डमध्ये टॉर्च मारा. चिखल ज्या जागी पुसला गेलेला दिसेल, तिथे टायर लागतो आहे. मडफ्लॅपवर तसा पट्टा दिसला तर तो सरकवून घ्या, आर्मवर दिसला तर टायर आणि रिमचं माप घेऊन गाडी पुन्हा गॅरेजला आणा.